टीव्ही अडकलाय का गं?

मागच्या रविवारी दुपारी हॉलमध्ये किंग क्रिमझन या इंग्लिश रॉक बँडवरची डॉक्युमेंटरी लावून बसले होते, टोबी एमीजची, २०२२ ची, 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग'. आई समोर पेपर पसरून गवार मोडत होती. तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही, तिच्यासाठी इंग्लिश गाणी म्हणजे "तुझं ते ढणढण". तर पिक्चरमध्ये रॉबर्ट फ्रिप, म्हणजे बँडचा मालक-चालक-हेडमास्तर सगळं तोच, ताठ बसून आपल्या गुरूबद्दल, जे. जी. बेनेटबद्दल काहीतरी सांगत असतो आणि बोलता बोलता गप्प होतो. आणि गप्पच राहतो. कॅमेरा हलत नाही, म्युझिक येत नाही, कट नाही, काही नाही. थोड्या वेळाने आई म्हणाली, टीव्ही अडकलाय का गं?

म्हणलं नाही, तो गप्प बसलाय.

एवढा वेळ?

आणि मग तिने चष्मा नीट केला, गवार मांडीवरून खाली ठेवली आणि बघायला लागली. "अगं, रडू येतंय त्याला," म्हणाली. आणि पुढचा सगळा पिक्चर तिने माझ्याबरोबर बघितला. त्या दिवशी गवारीची भाजी संध्याकाळी झाली.

मी प्रॉग रॉकवरच्या (म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) डॉक्युमेंटऱ्या गेली कित्येक वर्षं व्यसन असल्यासारख्या बघतेय, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याचशा भयंकर बोअर असतात. साचा ठरलेला. आधी लंडनचं काळंपांढरं फुटेज, मग आताचे म्हातारे एकेकटे खुर्चीत, मागे गिटारी टांगलेल्या, मग दुसऱ्या कुठल्या तरी फेमस बँडमधला कोणीतरी येऊन सांगणार की मी तेरा वर्षांचा असताना ही रेकॉर्ड ऐकली आणि माझं आयुष्यच बदललं. मग भांडणं, पण "क्रिएटिव्ह मतभेद" असं गुळमुळीत. मग ऐंशीच्या दशकातले केस. मग रियुनियन, मिठ्या, समाप्त. पैसे बँडने किंवा रेकॉर्ड कंपनीने दिलेले असतात आणि ते दर दहा मिनिटांनी कळतं. आपल्याकडे सत्काराच्या वेळी जो गौरवग्रंथ काढतात ना, तसलंच.

क्रिमझनची फिल्मसुद्धा बँडच्याच पुढाकाराने झालेली, फ्रिपनेच एमीजला विचारलं होतं. पण फ्रिप हा माणूस इतका विचित्र आहे की त्याने स्वतःच्या गौरवग्रंथाचीही वाट लावली आणि त्यातून एक चांगली फिल्म तयार झाली. तो भर कॅमेऱ्यासमोर डायरेक्टरला झापतो, तुझ्यामुळे माझ्या रियाजाचा वेळ जातो वगैरे. वय सत्तरीच्या पुढे आणि हा बाबा रोज तासन् तास गिटारवर स्केल्स, म्हणजे आपले पलटे, घासतोय. आईला हे फार आवडलं. मला इतक्या वर्षांत जे समजावता आलं नाही ते तिला त्या स्केल्स ऐकून कळलं, की हे ढणढण नाहीये, बसून मेहनत केलेली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जानेवारी १९६९ मध्ये लंडनमध्ये बँडची पहिली तालीम, ५ जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी लाखोंच्या गर्दीसमोर वाजवलं, ऑक्टोबरमध्ये पहिला अल्बम, तो किंचाळणारा लालभडक चेहरा असलेला (तो काढणारा बॅरी गॉडबर चारच महिन्यांत गेला, चोविसाव्या वर्षी), आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या टूरवर असताना इयन मॅकडॉनल्ड आणि मायकल जाइल्स या दोघांनी सांगून टाकलं की आम्ही चाललो. अकरा महिने फक्त! मॅकडॉनल्ड म्हणजे सॅक्स, बासरी, मेलोट्रॉन (टेपवर चालणारा जुना कीबोर्ड) आणि बरीचशी गाणी रचणारा. फ्रिपने तेव्हा म्हणे असंही विचारलं होतं की मीच जातो, तुम्ही थांबा. नाही थांबले. त्यानंतर गाणारा ग्रेग लेकही गेला, त्याचा इमर्सन लेक अँड पामर हा नवा बँड झाला, आणि मग पुढची पन्नास वर्षं या बँडमध्ये माणसं येत राहिली आणि जात राहिली. १९७४ ला 'रेड' हा अल्बम आला तोच मुळी बँड बंद झाल्यावर. १९८१ ला परत, सगळं वेगळं. २०१४ ला परत स्टेजवर, यावेळी तीन ड्रमर आणि तेही पुढच्या रांगेत. शेवटचा कार्यक्रम टोकियोला, ८ डिसेंबर २०२१.

एमीजने शहाणपणा हा केला की हे वर मी जे भडाभडा लिहिलं ते त्याने जवळजवळ टाळलं. तो सोडून गेलेल्यांकडे गेला. आणि माझं ठाम मत आहे, यावरच ही सगळी पोस्ट आहे, की बँडचा इतिहास सांगायचा तर जो टिकला त्याला नाही, जो गेला त्याला विचारायचा. टिकलेल्याकडे बँडचं नाव असतं, रॉयल्टी असते, त्याची गोष्ट घासूनपुसून गुळगुळीत झालेली असते. गेलेल्याची गोष्ट अजून ओली असते. आमचा कॉलेजात बँड होता (मी कीबोर्ड, हसू नका), त्याचा इतिहास आमच्या ड्रमरला विचाराल तर "हिने सबमिशनचं कारण सांगून ऐन गॅदरिंगच्या आधी दगा दिला" एवढाच आहे, आणि माझ्या बाजूने ऐकायचा तर चहा लागेल आणि दोन तास लागतील.

तर मॅकडॉनल्ड. पन्नास वर्षं झालेली, मधे तो फॉरेनर नावाच्या बँडच्या स्थापनेत होता, त्यात बक्कळ यश बघितलं, आणि इथे तो म्हातारा कॅमेऱ्यात बघून रॉबर्टची माफी मागतो, तुझं मन मी मोडलं असेन तर सॉरी. आईने विचारलं, "मग इतकी वर्षं का थांबला हा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फिल्म मार्च २०२२ मध्ये पहिल्यांदा दाखवली गेली आणि मॅकडॉनल्ड फेब्रुवारीत गेलेला होता. हे मी आईला पिक्चर संपल्यावर सांगितलं.

मग जेमी म्यूर, तालवाद्यं वाजवणारा, स्टेजवर साखळ्या आपटायचा, पत्रे बडवायचा, १९७३ ला एके दिवशी सगळं सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात गेला. तोही इथे बोलतो, आणि काय शांत बोलतो. मग ट्रे गन, तो म्हणतो क्रिमझनमध्ये असणं म्हणजे सतत अंगात बारीक कणकण असल्यासारखं, आजारी म्हणून झोपावं इतकंही नाही आणि बरं तर अजिबात वाटत नाही. (ऑफिसात मी हे वाक्य आतापर्यंत चार लोकांना ऐकवलंय.) आणि एड्रियन बेल्यू, १९८१ पासून बँडचा गाणारा, तीस वर्षं चेहरा तोच, आणि नवीन लाइनअप जमवताना त्याला घेतलंच नाही. तो हसत हसत बोलतो आणि ते हसू बघवत नाही.

पण फिल्मचा जीव आहे तो बिल रीफ्लिन. तो सोडून गेलेला नाहीये, तो जायच्या वाटेवर आहे. कॅन्सर, आणि माणूस टूरवर आहे, कीबोर्डमागे बसून वाजवतोय. कोणी रडारड करत नाही, तो स्वतः तर सर्वात कोरडा. वेळ थोडा आहे, तो कशात घालवायचा तर यात, एवढा साधा हिशोब. मार्च २०२० मध्ये गेला तो. त्याचे शॉट चालू असताना आई एकदाही बोलली नाही, आणि माझी आई टीव्हीसमोर गप्प बसत नाही कधी.

आता याच्यासमोर जेनेसिस या बँडवरची फिल्म ठेवा. २०१४, बीबीसी, पाचही जण एका खोलीत आणले, गेब्रियल, बँक्स, रदरफर्ड, कॉलिन्स, हॅकेट. केवढा मोठा योग! आणि काय केलं त्याचं? गेब्रियल आणि कॉलिन्सचे सोलो अल्बम इतके गाजले की ते दाखवणं भागच होतं, पण १९७७ ला बँड सोडून गेलेला स्टीव्ह हॅकेट, ज्याने त्यानंतर सोलो अल्बमची रांग लावली, त्याच्या कामाचा पत्ताच नाही. बिचाऱ्याने स्वतः फेसबुकवर लिहून नाराजी सांगितली की ही एकांगी फिल्म आहे. घरातल्या लग्नाच्या अल्बममधून एका काकांचे फोटो नेमके गायब असतात ना, तसं. आणि सगळ्यात चीड यायची गोष्ट म्हणजे ते काका त्या खोलीत बसलेले दिसतायत!

कोणीतरी कमेंटमध्ये म्हणणारच म्हणून आधीच लिहिते, हो, रश या कॅनेडियन बँडची फिल्म. 'बियाँड द लाइटेड स्टेज', २०१० ची, सॅम डन आणि स्कॉट मॅकफॅडियनची. ती मला प्रचंड आवडते आणि ती माझ्या थिअरीत बसत नाही, कारण रशमधून पहिल्या अल्बमनंतर ड्रमर बदलला तो बदलला, मग १९७४ ते २०१५ तेच तिघं. कोणी गेलंच नाही तर कोणाला विचारणार? पण त्यांनी काय शोधून काढलंय माहितीये? गिटारवाला अ‍ॅलेक्स लाइफसन शाळकरी असताना एका जुन्या कॅनेडियन डॉक्युमेंटरीत होता, त्याचं फुटेज. युगोस्लाव्हियातून आलेले कष्टकरी आईबाप, जेवायचं टेबल, आणि हा लांब केसांचा पोरगा सांगतोय मला शाळा पुरी करायची नाही, गिटार वाजवायचीय. आईबापांचे चेहरे बघा फक्त. ही क्लिप मी आईला मुद्दाम दाखवली, वाटलं ती हसेल. तर म्हणाली, "त्याच्या आईचं बरोबर आहे." म्हणलं अगं तो पुढे केवढा मोठा झाला. "ते तिला तेव्हा काय माहीत."

आणि त्यातही शेवटी जाणं आहेच. ड्रमर नील पर्टची तेव्हाची एकुलती एक मुलगी १९९७ मध्ये अपघातात गेली, तेव्हाच तो बाकी दोघांना सांगून टाकतो की मला रिटायर झालेला समजा, वर्षाच्या आत बायको गेली, आणि तो मोटरसायकल घेऊन निघतो, हजारो किलोमीटर, नुसता चालवत राहतो. बाकीचे दोघं त्याला फोन करून कधी येतोस विचारत नाहीत. थांबतात. तो पुढे परत येतो. फिल्मच्या शेवटी तिघं हॉटेलात जेवायला बसलेत, वाइन पिऊन खिदळतायत, फालतू जोक मारतायत आणि वेटर वैतागलाय की काय अशी शंका येते. चाळीस वर्षांच्या मैत्रीचं यापेक्षा खरं शूटिंग मी बघितलेलं नाही.

पिंक फ्लॉइडचं 'लाइव्ह अ‍ॅट पाँपेई' मी यात धरत नाही, ती इतिहासाची फिल्म नाही, ती स्वतःच इतिहास आहे. १९७१ चा ऑक्टोबर, दोन हजार वर्षं जुनं रिकामं अ‍ॅम्फिथिएटर, प्रेक्षक शून्य, वीज कमी पडली म्हणून गावातून केबल ओढत आणलेली. २०२५ मध्ये ती साफसूफ करून परत थिएटरात आणली, नक्की मोठ्या पडद्यावर बघा. पण सिड बॅरेटवरची 'हॅव यू गॉट इट येट' (२०२३) मात्र माझ्या थिअरीची पाठराखीण आहे. ज्याने पिंक फ्लॉइड उभा केला, ज्याला १९६८ मध्ये बाहेर काढलं, आणि जो १९७५ च्या जूनमध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत अचानक येऊन उभा राहिला, जाडा, भुवया भादरलेला, तर कोणी ओळखलंच नाही. त्याला विचारायची सोय आता नाही, तो २००६ ला गेला. मग फिल्ममध्ये सगळे त्याच्याबद्दल बोलतात आणि प्रत्येक जण बोलताना थोडा अपराधी दिसतो.

आता माझी खरी तक्रार. येस नावाचा बँड! ज्या बँडमधून इतके लोक गेले, परत आले, परत गेले, एका वेळी दोन-दोन येस होते, त्यांच्यावर अजून कोणी अशी फिल्म का करत नाही? एकटा कीबोर्डवाला रिक वेकमन किती वेळा गेला-आला त्याचा हिशोब ठेवायला वही लागेल. आणि त्याच्या पहिल्या जाण्याची गोष्ट तर आपल्या लोकांनी ऐकलीच पाहिजे. १९७३. येसचा गायक जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचली, शास्त्रांचे चार प्रकार, आणि त्या एका तळटिपेवर पठ्ठ्याने दोन एलपींचा अल्बम रचला, चार बाजू, चार गाणी, प्रत्येक वीस मिनिटांच्या आसपास. श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्रं! वेकमनला तो अल्बम अजिबात पटला नव्हता, आणि स्टेजवर लांबच्या लांब पट्टे त्याला काही कामच नसायचं. मँचेस्टरच्या शोमध्ये त्याचा टेक्निशियन नेहमीप्रमाणे ऑर्गनखाली आडवा पडलेला, त्याने विचारलं शोनंतर काय करणार, हा म्हणाला करी खायला जाणार, त्याला वाटलं आत्ताच पाहिजे. आणि थोड्या वेळाने खालून डबे वर यायला लागले. वेकमन स्वतः ही यादी चवीने सांगतो, चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडी, बाँबे आलू, भरलेला पराठा. मग काय, कीबोर्डवर मांडून खाल्लं. पुढच्या वर्षी बँड सोडला.

ही गोष्ट आईला सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा त्या लोकांबद्दल काही विचारायला म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पापड मऊ नाही पडले?"