किलो कशाचे?

गेल्या वर्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी एक सोपा प्रकल्प दिला: 'माझं गाव, आकड्यांत'. प्रत्येक आकड्यापुढे स्रोत लिहायचा आणि तो भरवशाचा का, ते दोन ओळींत सांगायचं. २८ पोट्ट्यांपैकी २५ जणांनी स्रोत म्हणून 'गूगल' लिहून आणलं. गाव कोणतं विचारावं आणि समोरच्यानं 'एस.टी.नं आलो' म्हणावं, तसं. एकानं 'व्हॉट्सअ‍ॅप, मामाचं' लिहिलं होतं. त्याच्या बाबतीत निदान मामाला तरी गाठता आलं असतं.

मग सगळी वरात कॉम्प्युटर लॅबमध्ये नेली. यंत्रं बारा, चालू पाच. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या उघडेपर्यंत लाइन गेली. आली तेव्हा पडद्यावर आकडा होता २७,७२,३४८.

"हा कधीचा?"

"२०११च्या जनगणनेचा, सर." मागून एक आवाज आला, "त्याच्यात मी हाय का?"

होता की. सहा वर्षांचा होता, आणि निरक्षर होता. जनगणनेत सात वर्षांखालचं प्रत्येक पोर निरक्षरच धरतात, वाचता येत असलं तरी.

"काहून? म्या तवा बाराखडी म्हणत होतो ना!"

तासभर तो धुसफुसत होता. मी मनातून खूश. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखाद्या व्याख्येवर चिडलेला विद्यार्थी मी पहिल्यांदा पाहत होतो.

पैसेवारीचं, म्हणजे गावचं पीक रुपयात किती पैसे आलं या सरकारी अंदाजाचं, प्रकरण लवकर आवरतं घेतो, कारण त्यात मी हरलो. एकाच गावच्या तिघांनी तीन वेगवेगळे आकडे आणले आणि तिन्ही सरकारी निघाले. अंदाज टप्प्याटप्प्यानं निघतो: एक आकडा 'नजर' पैसेवारीचा, एक 'सुधारित'चा, एक 'अंतिम'चा. ५० पैशांच्या आत आली तर पीक बुडालं, वर राहिली तर पीक बरं, एवढं सांगून मी तिघांनाही पास केलं.

पण खरी फजिती केली ती कापसानं. एका पोरीनं कुठल्याशा अहवालातून देशाची सरासरी काढून आणली, हेक्टरी साधारण साडेचारशे किलो. वर स्वतःच निकाल दिला.

"सर, हा आकडा खोटा हाय. हेक्टर म्हंजे अडीच एकर. अडीच एकरात साडेचार क्विंटल? आमचा बा कोरडवाहू वावरात एकरी सात काढते!"

मी पडलो अर्थशास्त्राचा माणूस. अहवाल आणि बा समोरासमोर आले की कोणावर संशय घ्यायचा, हे मला विचार न करताही कळतं. एकाच वावराचा नमुना, लेखी नोंद नाही, सांगणाऱ्याला आपलं पीक मोठं दिसणारच... फळाभर बाची उलटतपासणी मांडली. पोरगी शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पण सर, हे किलो कशाचे हायेत?"

तळटीप वाचली. किलो रुईचे होते, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे. बा बोलत होता कापसाचं, सरकीसकट. तीन किलो कापसातून जेमतेम एक किलो रुई निघते. म्हणजे साडेचारशेचे झाले साडेतेरा क्विंटल, एकरी साडेपाच. अहवाल खरा, बा सरासरीच्या जरा वर, आणि खोटा पडलो तो मी एकटा. बरं, माझ्या घरामागेच जिनिंग आहे, म्हणजे सरकी-रुई वेगळी करायची गिरणी. हिवाळाभर दोरीवरच्या कपड्यांवर रुईचे पुंजके बसतात आणि ते झटकत मी कॉलेजात जातो.

फळा पुसायला डस्टर सापडेना. रुमालानं पुसला.

मार्चमध्ये तिचा प्रकल्प आला. कापसाच्या पानावर लिहिलं होतं:

'स्रोत: बा. पडताळणी: बाजार समितीच्या पाच काटापट्ट्या सोबत जोडल्या आहेत. मर्यादा: मागच्या खोलीत भरून ठेवलेला कापूस मोजला नाही. बा भाव वाढायची वाट पाहून राह्यला.'