घर लाव्हाने पेटत नाही, त्याच्याभोवतीच्या हवेने पेटतं

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी (ब्लॉकनी) बांधायच्या गेममध्ये कुणी नवं घर बांधायला घेतलं की एक सल्ला हमखास मिळतो: ‘सजावटीला लाव्हा वापरूच नका. लाकूड जवळ असलं की घर पेटतं, लाव्हा वाटेल तसा पसरतो, बादल्या आणता आणता जीव जातो, गेम अडकायला लागतो. आणि मॅग्मा ब्लॉक दिसायला तसाच असतो, तोच लावा.’ सल्ला देणाऱ्याचं छप्पर बहुधा एकदा जळालेलं असतं, त्यामुळे तो पोटतिडकीने बोलतो. पण त्याने काढलेली कारणं तपासली तर फारशी टिकत नाहीत.

आधी आग, कारण खरी भीती तिचीच. लाव्हा लाकडाला थेट जाळत नाही. तो आसपासच्या रिकाम्या जागेत आग लावतो आणि ती आग लाकूड खाते. रिकामी जागाच नसेल तर आग लागणार कुठे? गेमच्या कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत हे असं चालतं: गेम अधूनमधून लाव्हाचा एखादा ब्लॉक निवडतो आणि त्याच्या वरच्या थरातल्या 3×3 जागांपैकी एक बघतो. तिथे हवा असेल आणि तिला चिकटून काही जळण्यासारखं असेल, तर आग. नाहीतर कधीकधी आणखी एक थर वर जातो, तिथे आवाका 5×5 होतो. मात्र पहिल्याच थरात भरीव ब्लॉक आडवा आला की शोध तिथेच संपतो. कधी वर न जाता लाव्हाच्या पातळीवरचे शेजारी बघितले जातात. शेजारी जळण्यासारखा आणि त्याच्या डोक्यावर हवा असेल, तरी आग लागते.

एवढं कळलं की काय चालेल आणि काय नाही हे बांधायच्या आधीच सांगता येतं. जमिनीखाली एक ब्लॉक खोल चर खणा, त्यात लाव्हा ओता, वर काच बसवा आणि काचेच्या दोन्ही बाजूंना सरळ ओकच्या फळ्यांची जमीन करा. काही पेटत नाही, कारण लाव्हाच्या वरचे नऊच्या नऊ ब्लॉक भरीव आहेत. पण त्याच जमिनीत काच न लावता फळ्यांच्याच पातळीला उघडं कुंड केलं, तर काठाची फळी पेटू शकते. तिथे दगडाची एकच रांग फिरवली की जमीन सुटली. मग लोक त्या दगडाला लागून फळ्यांवर गालिचा अंथरतात, आणि गोची इथेच होते! गालिचा लाव्हाच्या वरच्या थरात येतो, दगडावरच्या हवेला चिकटतो, आणि ती हवा नेमकी त्या 3×3 मध्ये असते. फळी वाचते, गालिचा आग बोलावतो.

उघड्या कुंडावर लाकडी छत असेल तर लाव्हा आणि छत यांच्यामध्ये तीन रिकामे ब्लॉक ठेवा. दोनच ठेवले तर छत टप्प्यात येतं. पुस्तकांची कपाटं आणि लाकडी भिंतीही कुंडापासून तीन ब्लॉक मोकळे सोडून चौथ्यावर घ्या. म्हणजे ‘लाकूड लांब ठेवा’ हे उघड्या लाव्हापुरतं खरं आहे, तेवढं मान्य. लाकडाचा हट्टच असेल तर नेदरमधलं (गेममधल्या पाताळासारख्या जगातलं) क्रिम्सन किंवा वार्प्ड लाकूड घ्या, ते जळतच नाही.

शेकोटीसाठी माझी आवडती रचना: भिंतीत लाव्हाचा एक ब्लॉक, समोर लोखंडी गज, तिन्ही बाजूंना दगड, आणि लाव्हा व गज या दोन्हींच्या वरचा थर दगडाने बंद. गजांच्या ब्लॉकमध्ये लाव्हा शिरत नाही आणि उजेड मात्र खोलीभर येतो.

पसरण्याचं म्हणाल तर ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे गेमच्या नेहमीच्या जगात, लाव्हा सोर्सपासून (जिथे बादली ओतली त्या ब्लॉकपासून) सपाटीवर तीन ब्लॉक जातो, पाणी सात. एक ब्लॉक पुढे सरकायला त्याला दीड सेकंद लागतो, तेवढ्यात हातातला दगड सहज ठेवता येतो. स्लॅब, पायऱ्या, पाट्या, सगळं त्याला अडवतं. फक्त नेदरमध्ये जपून, तिथे तो सात ब्लॉक आणि तिप्पट वेगाने धावतो.

बादल्यांची तक्रार गेमच्या 1.17 आवृत्तीच्या आधी रास्त होती. 2021 मध्ये ती आवृत्ती आली आणि तेव्हापासून ब्लॉकवर लाव्हा, ब्लॉकखाली टोकदार ड्रिपस्टोन (खाली लोंबणारा दगडी सुळका, त्यातून लाव्हा ठिबकतो) आणि त्याच्या खाली कढई अशी मांडणी केली की कढई आपोआप भरत राहते. वेळ लागतो, म्हणून अशा दहा-बारा कढया लावून आपल्या कामाला लागायचं. खरं तर बादल्या जास्त लागतात त्या खोल कुंडं भरण्याच्या सवयीमुळे. लाव्हा अपारदर्शक असतो. एक थर ओता की पाच, वरून तसूभर फरक दिसत नाही. पाण्याची खोली दिसते, याची नाही. धबधब्याला तर एका रांगेला एकच बादली पुरते, कडा कितीही उंच असो.

गेम अडकण्याबद्दल थोडक्यात: साचलेला लाव्हा जवळजवळ काहीच करत नाही. पिस्टनने (ब्लॉक ढकलणाऱ्या यंत्राने) सतत उघडझाप होणारा लाव्हाचा पडदा केलात तर प्रवाह आणि उजेड पुन्हापुन्हा मोजावे लागतात, तिथे ताण येतो. कुंड किंवा शेकोटी त्यात मोडत नाही.

राहिला मॅग्मा ब्लॉक. लाव्हाचा उजेड 15, मॅग्माचा 3. रात्री ‘तसाच दिसतो’ म्हणणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून बघावं. मॅग्माची भेगाळलेली नक्षी मला लाव्हाच्या काठालाच शोभते: आत लाव्हा, मग मॅग्माचे तुरळक ब्लॉक, मग ब्लॅकस्टोन आणि बसाल्ट. अशी कड थंड होत चाललेल्या खडकासारखी वाटते आणि काँक्रीटच्या चौकटीत ओतल्यासारखा कोरा चौकोन उरत नाही. फक्त मॅग्मावर उभं राहिलं की चटका बसतो, वाकून चाललात तर बसत नाही. म्हणून दारातल्या वाटेवर तो लावू नका. पाहुणे वाकून येत नाहीत.