बाजू बदलणाऱ्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

बाजू बदलायचीय ना? मग एवढं अवघडताय कशाला? सतराव्या शतकातल्या आयर्लंडमधला मरो ओ'ब्रायन, इंचिक्विनचा सरदार, तुमच्या आधी हे सगळं करून बसलाय. त्याचा कित्ता गिरवा.

घराणं मोठं असेल तर उत्तम. मरो थेट ब्रायन बोरूच्या वंशातला, आयरिश राजांचं रक्त. बाप लवकर गेला, पोर इंग्रज राजाच्या पालकत्वाखाली वाढलं आणि प्रॉटेस्टंट झालं. बरेचसे भाऊबंद कॅथलिक ते कॅथलिकच. युद्धशास्त्र मात्र तो कॅथलिक स्पेनच्या फौजेत, इटलीत शिकला. गुरूचा धर्म विचारू नये. सासऱ्याचा हुद्दा मात्र जरूर विचारावा. याचे सासरे सर विल्यम सेंट लेजर म्हणजे मन्स्टर प्रांताचे अध्यक्ष. १६४१ साली इंग्रज सत्तेविरुद्ध कॅथलिकांचा उठाव झाला, १६४२ मध्ये सासरे वारले आणि फौज जावयाच्या हाती आली. त्याच सप्टेंबरात लिस्कॅरोलची लढाईही त्याने मारली. आता सासऱ्यांची खुर्ची आपलीच, असं कुणालाही वाटलं असतं.

तिकडे इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलेलं. १६४४ च्या सुरुवातीला तो ऑक्सफर्डला राजा पहिल्या चार्ल्सच्या दरबारी गेला. राजाने ते पद आधीच अर्ल ऑफ पोर्टलंड या उमरावाला कबूल केलं होतं. इथे एक पथ्य पाळा. डावललं गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाजू बदलू नका, लोक नावं ठेवतात. चार-सहा महिने जाऊ द्या, मग तत्त्वाची भाषा काढा. जुलैत मरोने राजालाच लिहिलं की महाराजांनी पार्लमेंटशी जुळवून घ्यावं, आणि स्वतः पार्लमेंटकडे गेला. कॉर्क, यॉल आणि किन्सेलमधल्या कॅथलिक रहिवाशांना घराबाहेर काढलं. नव्या मालकांची खात्री पटायला हवी ना! अध्यक्षपदाची सनदही पार्लमेंटकडून आलीच.

पण नव्याने आलेल्याकडे सगळे संशयाने बघतात, त्यात हा आयरिश. निष्ठा सिद्ध करायची तर आपल्याच माणसांवर करावी, तिचा आवाज लांबवर जातो. सप्टेंबर १६४७ मध्ये तो कॅशेलला पोचला. गावाबाहेर खडकावर जुनं कॅथीड्रल, भोवती तटबंदी, आत सैनिक आणि आसऱ्याला आलेली गावची माणसं. याच्या फौजेने भिंतीला पीटचे, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचे, ढीग रचून पेटवले, म्हणजे आतल्यांना धुराने गुदमरून टाकायचं. मग शिड्या लावून खिडक्यांतून आत शिरले. शेकडो लोक कापले गेले, त्यांत बायका आणि पाद्री. थिओबाल्ड स्टेपलटन नावाच्या पाद्र्याने आठच वर्षांपूर्वी आयरिश भाषेतली धर्मशिक्षणाची पोथी छापली होती, तोही त्यांतच गेला. लोकांनी मरोला 'जाळपोळीचा मरो' असं नाव दिलं. पुढे कुणी भेदरलेला दिसला की आयरिश माणूस म्हणे, याने एकतर मरो पाहिलाय नाहीतर त्याच्या शेजारचं झुडूप. प्रसिद्धी म्हणतात ती हीच.

नोव्हेंबरात नॉकनानसला कॅथलिकांची फौज पार मोडली. तरी लंडनहून पगार येईना आणि संशयही हटेना. एप्रिल १६४८ मध्ये साहेब पुन्हा राजाचे! पुढच्याच महिन्यात त्याच कॅथलिकांशी युद्धबंदी. ज्यांना जाळलं त्यांच्याशी हात मिळवताना नजर जराशी खाली असावी, एवढंच.

एक अडचण सांगून ठेवतो. नेता बाजू बदलतो हे बघून शिपाईही शिकतात. १६४९ च्या ऑक्टोबरात कॉर्कच्या इंग्रज शिबंदीने परस्पर पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याचा पक्ष धरला. इंचिक्विन फ्रान्सला गेला. पहिल्या चार्ल्सचा मुलगा दुसरा चार्ल्स याने स्वतः परागंदा असतानाच त्याला अर्ल केलं. कागदावरचं का होईना, बढती ती बढतीच. फ्रान्समध्ये तो कॅथलिक झाला. बायको प्रॉटेस्टंटच राहिली आणि मुलगा कोणत्या धर्मात वाढवायचा यावरून घरात भांडण पेटलं. १६६० मध्ये पोर्तुगालकडे जाताना अल्जिअर्सच्या चाच्यांनी बापलेकांना धरलं. चाच्यांना पक्ष नसतो, ते सरळ पैसे मागतात.

तेवढ्यात दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि सगळ्यांच्या निष्ठांची झडती सुरू झाली. कॉर्कची शिबंदी फोडण्यात रॉजर बॉईल नावाच्या गड्याचा हात होता. पूर्वी याच्याच हाताखालचा. आधी राजाचा, मग क्रॉमवेलचा, इतका की १६५७ मध्ये क्रॉमवेलनेच राजमुकुट घ्यावा म्हणून झटणाऱ्यांत तो होता. आता पुन्हा राजाचा. पण गडी जन्मभर प्रॉटेस्टंट राहिला. मन्स्टरचं अध्यक्षपद त्याला मिळालं. कॅथलिक इंचिक्विनला जमिनी परत, वर आठ हजार पौंड आणि राजमातेच्या घरचा कारभार. सासऱ्यांची खुर्ची तेवढी नाही.