‘मार्गदर्शक सोबत असला की शिकारीत धोका नसतो’: हा दावा कुठे कुठे चुकतो

आफ्रिकेतल्या शिकारीबद्दल एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: हत्ती, रानम्हैस, सिंह, बिबट्या यांच्या शिकारीला जाणाऱ्या पाहुण्याला खरा धोका नसतोच. शेजारी परवानाधारक मार्गदर्शक मोठी रायफल घेऊन उभा असतो. पाहुण्याला फक्त चाप ओढायचा असतो; त्याचा नेम चुकला तर मार्गदर्शक एका गोळीत जनावर लोळवतो. जखमी जनावर पळून जाते, आणि काही झालेच तर हेलिकॉप्टर येते.

शिकार योग्य की अयोग्य, हा वाद इथे घेतलेला नाही. पण वरचे एकेक विधान तपासले तर एकही टिकत नाही. शिवाय ते खरे मानून जाणारा पाहुणा स्वतःपेक्षा सोबतच्यांचा जीव जास्त धोक्यात घालतो, म्हणून उत्तर देणे गरजेचे आहे.

‘मार्गदर्शक असल्यावर धोका उरत नाही.’

धोका उरतोच, फक्त त्यातला मोठा भाग मार्गदर्शकाच्या अंगावर जातो. झिंबाब्वेचा परवाना सर्वांत कठीण समजला जातो: लेखी परीक्षा, मग अनुभवी शिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी, नेमबाजीची चाचणी आणि शेवटी परीक्षकांसमोर जंगलातली प्रत्यक्ष परीक्षा. एवढ्या चाळणीतून गेलेली माणसेही मेली आहेत. 2012 साली झांबेझी खोऱ्यात जखमी रानम्हशीचा माग काढताना एक मार्गदर्शक गेला. 2015 मध्ये त्याच खोऱ्यातल्या चेवोरे भागात मस्तीवर आलेला हत्ती धावून आला. अनुभवी मार्गदर्शकाला अगदी जवळून एक गोळी झाडता आली, ती पुरली नाही. 2017 मध्ये झिंबाब्वेतल्याच ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाजवळ हत्तिणीने मार्गदर्शकाला सोंडेत उचलले, सोबतच्याने तिला गोळी घातली आणि ती त्याच्याच अंगावर कोसळली. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपोत मेलेली रानम्हैस गाडीत चढवण्याची तयारी चालू असताना कळपातल्या दुसऱ्या म्हशीने मार्गदर्शकाला मारले. या शेवटच्या घटनेत तर शिकार ‘संपलेली’ होती.

‘तो एका गोळीत पाडतो.’

आधी वेळेचा हिशेब करू. रानम्हैस ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने धावते, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. दाट झुडपात ती दिसते तेव्हा अंतर बहुधा वीस-तीस मीटरच असते. हातात दोन सेकंद राहतात. सिंह थोड्या अंतरासाठी ताशी 80 गाठतो, त्याला 40 मीटरलाही दोन सेकंद लागत नाहीत. बोल्ट रायफलीने (दर गोळीनंतर बोल्ट म्हणजे खटक्याची दांडी हाताने मागे-पुढे ओढावी लागते) नेम धरून एक गोळी नक्की, दुसरी झाली तर झाली. दुनळीत दोन गोळ्या झटपट सुटतात, पण नंतर ती रिकामी.

आता गोळीचे. झिंबाब्वेत हत्ती, रानम्हैस आणि पाणघोड्यासाठी किमान 9.2 मिलिमीटर व्यास आणि 5,300 जूल ऊर्जा हवी, असा नियम आहे. 1912 पासून वापरात असलेले .375 हॉलंड अँड हॉलंड काडतूस सुमारे 5,700 जूल देते, म्हणजे नियमाच्या थोडेच वर. पण ऊर्जेने जनावर जागच्या जागी पडत नाही. पडते ते मेंदूला किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूला गोळी लागली तरच. हृदय फुटलेल्या रानरेड्याच्या मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो आणि तेवढ्यात तो शंभर मीटर सहज कापतो. शंभर मीटर कुठल्या दिशेने, हे तो ठरवतो.

समोरून येणाऱ्या वयात आलेल्या रेड्याच्या कपाळावर शिंगांची बुडे एकत्र येऊन जाड कवच झालेले असते. हत्तीचा मेंदू कवटीत बराच मागे, पोळ्यासारख्या सच्छिद्र हाडाआड असतो. दोन्ही कानांच्या भोकांतून आरपार काठी घातली आहे असे मानले, तर त्या काठीच्या मध्यावर गोळी पोहोचायला हवी. हत्ती जवळ येईल तसा किंवा मुंडी वर-खाली करील तसा कपाळावरचा बिंदू बदलतो.

आणि मार्गदर्शकाला गोळी झाडता येईलच असेही नाही. पाहुणा मधे येतो. मागे दुसरे जनावर असते. घट्ट, म्हणजे आत शिरल्यावर आकार न बदलणारी गोळी रानम्हशीतून आरपार जाऊन मागचीला जायबंदी करते. म्हणून कळपात पहिली गोळी फुलणारी, म्हणजे आत शिरल्यावर पसरणारी, आणि त्यानंतरच्या घट्ट, अशी रीत आहे. काही पाहुणे तर ‘मी सांगेपर्यंत तुम्ही झाडू नका’ असे बजावून ठेवतात.

‘जखमी जनावर पळून जाते.’

सगळ्यात घातक वाक्य हेच. जखमी रानम्हैस बऱ्याचदा वाट वाकडी करून आपल्याच मागाकडे परत येते आणि बाजूच्या झुडपात मागाकडे तोंड करून थांबते. बिबट्या पाठलाग करणारे पार जवळ येईपर्यंत हूं की चूं करत नाही, मग एकाला ओरबाडून लगेच दुसऱ्यावर जातो.

गोळी लागल्यावर आवाज आणि जनावराची हालचाल लक्षात ठेवायची, लगेच दुसरी गोळी भरायची आणि दिसत असेपर्यंत झाडत राहायचे. मग साधारण अर्धा तास थांबायचे. रक्त वाचायचे: फेसाळ गुलाबी म्हणजे फुप्फुस, गडद लाल म्हणजे यकृत किंवा नुसते मांस, हिरवट आणि वासाचे म्हणजे पोट. पोटात लागलेले जनावर तासन्‌तास जिवंत आणि शुद्धीवर असते. माग काढणारा पुढे खाली पाहत चालतो, बहुधा निःशस्त्र. त्याचे डोळे मातीवर, म्हणून बंदूकवाल्यांचे डोळे फक्त झुडपांवर हवेत. राखेची पुरचुंडी झटकून वारा सतत पाहायचा. पाहुण्याची नळी पुढच्याच्या पाठीकडे वळली तर मार्गदर्शक त्याला गाडीत पाठवतो, आणि योग्यच करतो. चुकलेल्या नेमाची किंमत आधी तो निःशस्त्र माणूस मोजू शकतो, हे त्या व्हायरल मजकुरात कुठेच नाही.

‘पाहुण्याला फक्त चाप ओढायचा असतो.’

पहिली गोळी त्याची असते आणि पुढचे सगळे तिच्यावर ठरते. नेहमीच्या चुका तीन. झेपत नाही इतकी मोठी रायफल आणणे, मग धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणे. घाईत बोल्ट पूर्ण मागे न ओढणे. त्यामुळे नवे काडतूस नळीत जातच नाही. आणि प्रवासात हललेली रायफलीवरची नेमाची दुर्बीण तळावर पोहोचल्यावर पुन्हा न तपासणे. घरी टेबलावर रायफल टेकवून सराव पुरत नाही. रायफल टेकवायच्या तिपायीवरून उभ्याने, पाठोपाठ तीन गोळ्या झाडण्याचा सराव लागतो. आडव्या उभ्या रानम्हशीत नेम पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तृतीयांशात धरायचा; हृदय वाटते त्यापेक्षा खाली असते.

‘हेलिकॉप्टर येते.’

विमा असेल, संपर्क लागला आणि उजेड असेल तर येते. सिंह-बिबट्याच्या नखांत कुजके मांस असते. जखम लहान दिसली तरी भरपूर पाण्याने आतून धुवावी लागते आणि प्रतिजैविक लवकर सुरू करावे लागते. वाहते रक्त दाबून थांबवण्याचे सामान मागच्या गाडीत नव्हे, पाठीवरच्या पिशवीत हवे. कच्च्या धावपट्ट्यांवर दिवे नसतात, म्हणून रात्री सुटकेचे विमानही उतरत नाही. म्हणूनच उन्हे उतरताना जायबंदी झालेल्या बिबट्यामागे शहाणा मार्गदर्शक त्याच संध्याकाळी जात नाही. जागेवर खूण करतो आणि उजाडल्यावर परत येतो.