खुलासा: नाव एकच असलं तरी प्रशिक्षण टळत नाही

उलवे-पनवेलच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय: ‘जुन्या मॉडेलचा वैमानिक त्याच नावाचं नवं विमान थेट उडवू शकतो, सिम्युलेटर ही फक्त औपचारिकता.’ हे साफ चूक आहे.

बोइंग ७४७ घ्या. ७४७-२०० च्या कॉकपिटमध्ये तिघे असत. इंधन, वीज, केबिनमधला हवेचा दाब ही सगळी व्यवस्था फ्लाइट इंजिनिअर सांभाळी. १९८९ मध्ये सेवेत आलेल्या ७४७-४०० मध्ये दोघेच, आणि काट्यांच्या तबकड्यांऐवजी पडदे. म्हणून दोघांचं टाइप रेटिंगच, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचा परवानाच, वेगळा.

बोइंग ७३७ च्या एनजी या जुन्या आणि मॅक्स या नव्या मॉडेलचं रेटिंग मात्र सामाईक. गोंधळ बहुधा इथूनच सुरू झाला असावा. पण तिथेही फरकांचं प्रशिक्षण लागतंच. मॅक्ससाठी ते आधी संगणकावरच उरकलं गेलं. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या एमकॅस या नव्या यंत्रणेचा पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांना पत्ताही नव्हता. याच यंत्रणेशी जोडलेल्या २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत विमानांतले सगळे ३४६ जण गेले. किती भयंकर किंमत ही! नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेने मॅक्सला पुन्हा उड्डाणाची परवानगी दिली, ती सिम्युलेटर प्रशिक्षण सक्तीचं करूनच.

संदेश पुढे पाठवला असेल, तर कृपया हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.