तसा माणूस चांगला आहे, फक्त प्यायला की...

हे वाक्य मी लालबागच्या चाळीत लहानपणापासून ऐकत आले. शेजारच्या काकू म्हणायच्या, त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. एकदा काकू रक्ताळलेलं कपाळ घेऊन चौकीत गेल्या, तर तिथल्या हवालदारानेही तेच ऐकवलं. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली आणि म्हणाला, "उतरली की येईल शुद्धीवर."

पण काका शुद्धीत नव्हते कधी? गुत्त्यावरून येताना जिन्यात माझे बाबा भेटले की अदबीने बाजूला व्हायचे, "जेवण झालं का?" विचारायचे. पाच मिनिटांत भिंतीपलीकडे भांडी आपटायला लागायची. दारू तीच, बाबांना नमस्कार आणि काकूंना पट्टा. कुणावर हात उचलायचा नाही, हे त्यांना नीट कळत होतं.

पुढे त्यांनी सात महिने दारू सोडली. मार कमी झाला, थांबला नाही. आता निमित्त भाजीतल्या मिठाचं असायचं.

दारूचा संबंधच नाही असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ज्यांचे नवरे वारंवार पिऊन तर्र असतात, त्यांच्यातल्या ७० टक्के बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा थेंबही घेत नाही, तिथे २३ टक्के. फरक प्रचंड आहे, व्यसन सुटायलाच हवं. पण या २३ टक्क्यांनी कोणत्या बाटलीला दोष द्यायचा?

स्वतःच्या मर्जीने केलेली नशा ही कायद्यात सबब नाही. जुन्या दंडसंहितेत नव्हती, नव्या न्यायसंहितेतही नाही. सबब आपण देतो, घरात आणि चौकीत.

त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायला सगळे धावतात. तिचं काय? वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केलं. "जिन्यावरून पडले" म्हणत आलेल्या बाईला तिथे कुणीतरी बसवून घेतं, विचारतं, ऐकतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तर तिला त्याच घरात राहायचा हक्क आहे आणि कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. काकूंच्या वेळी यातलं काही नव्हतं.

आम्ही होतो, भिंतीच्या अलीकडे. आवाज सुरू झाला की आई टीव्ही मोठा करायची. एकदाही आम्ही दार वाजवलं नाही.

तुमच्या भिंतीपलीकडे आज असं काही चालू असेल तर बेल वाजवा, साखर मागायला म्हणून का होईना. ते जमत नसेल तर ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) लावा.