प्रश्न अंतराचा की थांबण्याच्या जागेचा?

ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे सरळ रेषेत दोन गाड्यांच्या वेगाच्या शर्यतीचा, ट्रॅक आखूड केल्यास हा खेळ सुरक्षित होईल, हे या खेळावरील लेखातील मत मला अर्धेच पटले. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतील शर्यतीच्या वेळी चालक स्कॉट कलिटा यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर एनएचआरए या अमेरिकी संस्थेने सर्वांत वेगवान गटांचे अंतर १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणले, हे खरेच आहे. परंतु त्यांची गाडी अंतिम रेषेनंतर थांबू शकली नव्हती, हेही विसरता येत नाही. वाचलेले ३२० फूट थांबण्यासाठी मिळाले खरे. मात्र आज १,००० फुटांतच या गाड्या ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे जातात आणि त्या वेगाने ३२० फूट पाऊण सेकंदाच्या आतच सरतात.

आमच्या गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत (तुलना थोडी ओढूनताणून आहे, याची जाणीव आहे) एकदा पटाची जोडी निशाण ओलांडून थेट बाजूच्या तुरीत घुसली आणि कासरा ओढून ओढून धुरकऱ्याच्या तळहाताची साले निघाली. पुढच्या वर्षी मंडळींनी धावेचे अंतर तेवढेच ठेवले, पण निशाणापुढची जमीन खोल नांगरून ढेकळे तशीच राहू दिली. बैल त्यात आपोआप मंदावले. ट्रॅकवरही गाडी थांबवण्यासाठी अंतिम रेषेपुढे वाळूचा लांब पट्टा, भक्कम जाळी आणि इंजिन फुटले तरी गाडीमागे उघडणारे पॅराशूट हवे; यांवर लेखात एकच ओळ आहे, तीच खरे तर विस्ताराने यायला हवी होती.